पायरी वाळेपर्यंत

आमच्या दुकानात विमा आला तेव्हा सासऱ्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. खोटं सांगत नाही. एजंटने कागद पिवळ्या फायलीत घालून हातात दिले, तशी ती फाईल त्यांनी लक्ष्मीच्या तसबिरीपुढे ठेवली, वर बोटभर कुंकू लावलं, नमस्कार केला आणि मग मला म्हणाले, "आता कपाटात ठेव." त्या कुंकवाचा डाग फायलीवर अजून आहे.

दुकान हुबळीच्या कापडबाजारात आहे. घराणं मूळचं सांगलीकडचं. सासऱ्यांच्या आजोबांनी इथे येऊन गादी मांडली आणि आमची गादी अजून गादीच आहे. काचेची दारं नाहीत, साड्या नेसवलेले पुतळे नाहीत. रस्त्यावरून एक उंच पायरी चढायची, चपला पायरीखाली काढायच्या आणि आत पांढऱ्या चादरीवर मांडी घालून बसायचं. इरकल, खण, लग्नाचा बस्ता, एवढंच आम्ही विकतो. सासऱ्यांना अख्खा बाजार अण्णा म्हणतो, म्हणून मीही अण्णाच म्हणते. माझा नवरा धारवाडला, सप्तापूरच्या बाजूला एका कॉलेजात शिकवतो. नऊवारी आणि सहावारी यांतला फरक त्याला घडी उलगडल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे सासूबाई गेल्यावर अण्णांच्या शेजारी गादीवर मी बसू लागले आणि बसूनच राहिले.

विम्याचा हट्ट माझा. शेजारच्या भांड्यांच्या दुकानाचं शटर कापून चोरी झाली आणि त्याच्यामागोमाग पलीकडच्या गल्लीत वायर जळून एकाचा माळा खाक झाला. मला झोप लागेना. नवऱ्याचा एक शाळासोबती विम्याची कामं करतो, त्याला बोलावलं. त्याला मांडी घालून बसायची सवय नव्हती. पाय कधी असे, कधी तसे करत त्याने सगळं समजावलं. चोरी झाली तर काय, आग लागली, पाणी शिरलं, मोडतोड झाली तर काय. अण्णा ऐकून घेत होते, पण त्यांचं निम्मं लक्ष रस्त्यावर होतं. मग एजंट म्हणाला, "आणि यात अजून एक आहे. दुकानात आलेल्या माणसाला आपल्या चुकीने काही इजा झाली, तर त्याचाही खर्च कंपनी देते."

अण्णा ताठ बसले. "म्हणजे गिऱ्हाईक पडलं तर?"

"पडलं, डोक्यात काही पडलं, काहीही."

"हे बरं केलंय की," अण्णा म्हणाले. "चोराने नेलं तर आमचं जातं. गिऱ्हाईकाला लागलं तर दुसऱ्याचं जातं. आधी हे लिहून घ्या."

तेव्हापासून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला पडायचं आमंत्रणच द्यायला सुरुवात केली. लग्नघरची माणसं गादीवर टेकली की हे हसत म्हणायचे, "बिनघोर बसा हो. आमच्याकडे पडलात तरी कंपनी देते." मी चिडायचे. असं काही बोलू नये, तोंडाला लगाम नाही, असं मी त्यांना गिऱ्हाइकांसमोरच सुनवायचे. ते म्हणायचे, "अगं, हप्ता भरतो आपण. सांगायला काय हरकत आहे?"

आता अक्काबद्दल सांगते. अक्का कलघटगीची. आमच्याकडून खण आणि साध्या साड्या घ्यायची, गाठोडं बांधायची आणि कलघटगीच्या आजूबाजूच्या खेड्यांत दारोदार विकायची. जिथवर बस जाते तिथवर बसने, पुढे पायी. नवरा लवकर गेला, एकच मुलगा, तो गोव्यात गाडी चालवतो. सासूबाईंची आणि तिची मैत्री होती. बाजाराला आली की दुपारचं जेवण दोघी गादीच्या कोपऱ्यात एकत्र करायच्या. सासूबाई गेल्या तरी अक्का त्याच कोपऱ्यात बसून भाकरी सोडायची. अण्णा गादीच्या दुसऱ्या टोकाला आपला डबा उघडायचे. जेवताना दोघं एकमेकांकडे बघायचीसुद्धा नाहीत. फक्त जेवण झाल्यावर अक्का शेंगदाण्याच्या चटणीची डबी माझ्याकडे सरकवायची आणि म्हणायची, "अण्णांना दे, पोरी."

अण्णा तिला अक्का म्हणत, ती त्यांना अण्णा. दोघांत वडील कोण, हे मला अजून ठाऊक नाही. त्या पिढीत परक्या बाईला हात द्यायची रीत नाही. पण आमची पायरी उंच आणि अक्काचे गुडघे दुखरे. त्यावर त्यांनी कधी काळी एक तोड काढलेली होती. अक्का पायरीशी आली की अण्णा बसल्या जागेवरून कापड मोजायचा लोखंडी गज पुढे करायचे. "बर्री अक्का, बर्री," असं कानडीत म्हणायचे. अक्का गजाचं टोक धरायची आणि वर यायची. इतर कुणासाठी तो गज पुढे होत नसे.

आमच्या बाजारात अमावास्येला दुकानाची दृष्ट काढतात. अण्णांचं ते काम ठरलेलं. सकाळी पायरी धुवायची, हळदकुंकवाची बोटं ओढायची, कापूर लावायचा, शटरवरून नारळ ओवाळायचा आणि पायरीवर फोडायचा. करवंटीचे तुकडे रस्त्याच्या कडेला टाकायचे. पण पायरीवरचं पाणी पुसायचं नाही. का, तर पुसलं की काढलेली दृष्ट फडक्याबरोबर परत घरात येते, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. मी दर अमावास्येला फडकं घेऊन उभी राहायचे आणि ते दर अमावास्येला म्हणायचे, "पुसू नको. वाळू दे." इतक्या वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेला शहाबादी दगड, त्यावर नारळाचं पाणी, हळद, कापराची राख. ती वाळेपर्यंत मी स्वतः कडेकडेने चढायचे.

त्या अमावास्येला अक्का नेहमीपेक्षा लवकर आली. लग्नसराई होती, खणांना मागणी होती. अण्णा आत एका गिऱ्हाइकाला पातळ मोजून देत होते. गज त्यांच्या हातात होता. मी कपाटाशी पाठमोरी होते. अक्काने सवयीने हात पुढे केला असणार. मला फक्त गाठोडं पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग तिचा एक बारीक आवाज, ओरडण्याइतकाही मोठा नाही. मी वळले तेव्हा अक्का पायरीखाली, काढलेल्या चपलांमध्ये आडवी पडली होती. अण्णा पायरीच्या वर गज धरून उभे होते. त्यांचा हात पुढे आला होता आणि अर्ध्यातच थांबला होता. मी आणि एका रिक्षावाल्याने मिळून तिला उचललं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. केशवापुरात आमच्या घराजवळच दवाखाना आहे, तिथे लगेच ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर अक्काने डॉक्टरला एकच विचारलं, "चालता येईल न्हवं?" डॉक्टर म्हणाले, येईल, पण पुढचे काही महिने रोज जाणकार माणसाकडून व्यायाम करून घेतला तर. नुसतं घरी खाटेवर पडून राहिलात तर घरातल्या घरात काठी धरून फिराल तेवढंच. मुलगा गोव्याहून आला होता. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "कलघटगीत असं शिकवणारं कोण आहे, आणि इथे ठेवायची ऐपत कुठे आहे?" अक्काचं सगळं जगणं पायांवर होतं. ती पांघरुणाखाली बरा असलेला पाय हलवून बघत होती. ते मला दिसलं.

मी त्याला ठामपणे म्हटलं, "काळजी करू नका. विमा आहे."

त्याच दिवशी एजंटला फोन केला. तो म्हणाला, हे अगदी त्यातच बसतं, क्लेम करू. मग म्हणाला, "पण एक ऐका. कंपनीचा माणूस येईल, त्याला घडलं ते खरं सांगा. फक्त चूक आमची असं कुणी कबूल करायचं नाही. कुणाची चूक ते कंपनी ठरवते. आपण आधीच कबूल केलं तर ते हात वर करतात, पॉलिसीत तशी अटच आहे. आणि हो, अण्णांना दवाखान्यात नेऊ नका."

तो अण्णांना लहानपणापासून ओळखत होता. मीही ओळखून होते. आमच्याकडच्या साडीचा रंग गेला तर हे घरी जाऊन माफी मागतात. कुणी गिऱ्हाईक उन्हात रांगेत उभं राहिलं तरी यांना चुकल्यासारखं होतं. हे अक्काच्या खाटेशी गेले तर पहिलं वाक्य काय बोलतील ते सांगायला ज्योतिषी नको होता.

म्हणून मी त्यांना बंदी घातली. बंदी हाच शब्द. घरी, नवऱ्यासमोर, हात पुढे करून सांगितलं, की कंपनीचं काम होईपर्यंत तुम्ही दवाखान्याची पायरी चढायची नाही. ते पैसे आपल्याला नकोत, अक्काला हवेत. तुमच्या एका वाक्यासाठी तिचे पाय जायचे.

अण्णांनी ऐकलं. तेच मला जड गेलं. भांडले असते तर मी भांडले असते. ते रोज सकाळी डबा स्वतः बांधायचे, भाकरी मऊ आहे का ते दाबून बघायचे, चटणीची डबी कोपऱ्यात नीट बसवायचे आणि माझ्या हातात द्यायचे. मी परत आले की विचारायचे, "खाल्लं का?" मी हो म्हणायचे. थोड्या वेळाने पुन्हा, "पायरीचं काही बोलली का?" मी नाही म्हणायचे. मग ते एखादं पातळ उलगडायचे आणि घडी घालायचे, पुन्हा तेच उलगडायचे. त्यांची भूक पार गेली होती. पानात दोन घास राहिले की कधी नव्हे ते ताट सारायचे.

एकदा दुपारी दुकानात कुणी नव्हतं तेव्हा ते म्हणाले, "चूक माझी, आणि मी सोडून सगळे तिला बघायला जातात."

"थोडे दिवस थांबा, अण्णा."

"थांबतो की. पण तिला काय वाटत असेल? पाडलं ते पाडलं, आणि तोंडही दाखवत नाही म्हणत असेल."

"त्या असं म्हणणार नाहीत."

"म्हणणार नाही, तेच तर," ते म्हणाले. "म्हणाली तर माफ तरी करेल. चूक झाली असं कुणी म्हटलंच नाही तर माफी कशाची द्यायची?"

मी कपाट आवरायला उठले. मला त्यांचा राग येत होता, आणि त्याहून जास्त त्यांची दया येत होती, आणि दया येते आहे याचा आणखी राग येत होता.

शेवटी कंपनीचा माणूस आला. तरुण, नीटनेटका, कपाळाला विभूती. पायरीचे फोटो काढले, दगडावरून बोट फिरवून बघितलं. मी घडलं तसं सांगितलं. अमावास्या होती, नारळ फोडला होता, पायरी ओली होती, त्या घसरल्या. सगळं खरं आणि कबुली कशाचीच नाही. मग तो अण्णांकडे वळला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे मोठे केले. ते म्हणाले, "मला काही आठवत नाही. सूनबाईंना विचारा." चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचा बस्ता कुठल्या रंगाचा होता हे सांगणारा माणूस हे म्हणत होता. म्हणताना ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो म्हणाला, "आता दवाखान्यात जाऊन त्या बाईंचा जबाब घेतो," आणि गेला. तेवढ्यात लग्नघरची मंडळी आली. मी शालू काढून दाखवत होते. जरा वेळाने बघते तर गादीवर अण्णा नाहीत. आतल्या खोलीत असतील म्हणून हाक मारली. मग पायरीखाली बघितलं. त्यांच्या चपला जागेवर नव्हत्या.

गिऱ्हाइकांना शेजारच्या दुकानदारावर सोपवून मी रिक्षाने केशवापूरला धावले. जिना चढतानाच वरून आवाज ऐकू आले. अक्काच्या खोलीच्या दारात पोचले आणि तिथेच थांबले, कारण आता अडवण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

अण्णा खाटेच्या पायथ्याशी हात जोडून उभे होते. "लिहा," ते कंपनीच्या माणसाला म्हणत होते. "नारळ मी फोडला. पाणी पुसू नको असं सुनेला मी सांगितलं. ती दर वेळी पुसते म्हणते, मी पुसू देत नाही. आणि एरवी पुढे करतो तो गज त्या दिवशी केला नाही. सगळी चूक माझी. लिहा."

खाटेवरून अक्का त्या माणसाला म्हणाली, "अजिबात लिहू नका. अण्णांना नीट दिसत नाही आताशा. पायरी कोरडी होती."

"अक्का, कोरडी कशी असेल? मी स्वतः फोडला नारळ."

"वाळली होती मी आले तोवर. माझ्या गुडघ्याने दगा दिला. माझी चूक. मीच बघून चढायला पाहिजे होतं."

"उगाच खोटं बोलू नका हो."

"तुम्हीच बोलता. आणि आजारी माणसापुढे उभं राहून बोलता. बसा आधी."

कंपनीचा माणूस एकदा अण्णांकडे, एकदा अक्काकडे बघत होता. लिहिता लिहिता त्याने पेन खाली ठेवलं. "आजोबा, आजी," तो म्हणाला, "माझ्या नोकरीत लोक एकमेकांवर ढकलतात. हे असं मी कुठे लिहू?" मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. तो काकुळतीच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही तरी यांना सांगा काहीतरी."

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. हसू येतंय की रडू, ते मला कळेना. बहुतेक दोन्ही आलं असावं, कारण जाणाऱ्या नर्सने मला पाणी आणून दिलं. माणूस गेल्यावरही आत दोघांचं चालूच होतं. कोरडी होती. ओली होती. आवाज आता बारीक झाले होते, पण थांबले नव्हते.

परत येताना रिक्षात मी एक शब्द बोलले नाही. अण्णा म्हणाले, "बोल की. शिव्या दे." मी नाही दिल्या. त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले. आमटी पुन्हा मागून घेतली. मी रागाने वाढली, पण काठोकाठ वाढली.

क्लेम बुडाला. एजंटने फोनवर सांगितलं तेव्हा त्यालाही हसावं की काय ते कळत नव्हतं. कंपनीने एका वेळी दोन कारणं दिली होती. जखमी बाई स्वतःची चूक म्हणते, म्हणजे दुकानदाराची जबाबदारीच नाही. आणि दुकानदाराने परवानगीशिवाय जबाबदारी कबूल केली, म्हणजे असली तरी देता येत नाही. मी हार मानणाऱ्यांतली नाही. फोन केले, ऑफिसात जाऊन आवाज चढवला, वरच्या साहेबाला भेटले. त्यांनी अटीवर बोट ठेवलं. बोट बरोबर जागी होतं, हे मलाही नाकारता येईना. आग लागली असती तर मिळाले असते, चोर आला असता तर मिळाले असते. या दोघांच्या चांगुलपणापासून वाचवणारा विमा मात्र कुणी काढलेला नव्हता.

मग अण्णांनी त्यांचा मार्ग काढला. दवाखान्याचं बिल दुकानाच्या गल्ल्यातून भरलं. अक्काला दवाखान्यातून सोडायच्या दिवशी तिच्या मुलाला म्हणाले, "कलघटगीला नको. केशवापूरला आमच्या घरी. खालची खोली रिकामी आहे, व्यायाम शिकवणारी बाई घरी येईल." मुलगा संकोचला. अक्का तर ऐकेना. "लोक काय म्हणतील, अण्णा?"

"लोकांना सांगा, दुकानात पडले, दुकानाने उचललं," अण्णा म्हणाले.

अशी अक्का आमच्याकडे आली. व्यायामाची बाई रोज सकाळी यायची. पहिले दिवस फार वाईट होते. अक्का वॉकर धरून उभी राहायची आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. अण्णा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून बसायचे. हळूहळू ती खाटेपासून खिडकीपर्यंत गेली, मग दारापर्यंत, मग बाहेरच्या खोलीपर्यंत. जिथवर पोचली तिथे टेकून अण्णांना म्हणायची, "पायरी कोरडी होती." अण्णा वर्तमानपत्र खाली न करता म्हणायचे, "ओली होती." रोज हेच. माझा नवरा कॉलेजातून आला की विचारायचा, आज केसची तारीख झाली का?

आधी मला ते भांडण वाटायचं. नंतर ते नसलं की घर सुनं वाटू लागलं. इतकी वर्षं गादीच्या दोन टोकांना बसून जेवलेली ही दोन माणसं. बोलायला त्यांच्याकडे मालाच्या भावाशिवाय काही नव्हतं, किंवा होतं ते बोलायची सोय नव्हती. आता एक विषय मिळाला होता. तो दोघंही संपू देत नव्हती. पण कधी कधी अक्का आत गेली की अण्णांचा चेहरा उतरायचा. ते गमतीत भांडत नव्हते. त्यांना खरोखरच तिच्या तोंडून 'ओली होती' ऐकायचं होतं.

एका दुपारी मी अक्काच्या पायांना तेल लावत होते. विचारलं, "अक्का, खरं सांगा. का म्हणालात कोरडी होती? पैसे मिळाले असते हो."

ती छताकडे बघत राहिली. म्हणाली, "तो पोरगा आला आणि म्हणाला, दुकानदाराच्या चुकीने झालं असं लिहू का? कागदावर अण्णांची चूक लिहायची, आणि ती मी सांगून?" आणि पुढे म्हणाली, "तुझी सासू गेल्यावर मी बाजाराला आले, तर वाटलं, आता कुठे बसायचं? बाहेरूनच माल घेऊन निघाले होते. अण्णा काही बोलले नाहीत, यव्वा. नुसता गज पुढे केला."

तेल लावायचं राहून गेलं आणि मी तिचा पाय मांडीवर घेऊन तशीच बसले. मला माझ्या सासूबाईंची फार आठवण आली.

पावसाळा सरता सरता अक्का काठीवर चालू लागली आणि हट्टाने कलघटगीला परत गेली. खेडी आता तिला झेपणार नव्हती. घरातूनच थोडे खण विकते म्हणाली. दुकानाला येईन म्हणाली, पण कधी ते नाही सांगितलं. इकडे अण्णांनी त्या दिवसापासून एकाही अमावास्येला नारळ फोडला नव्हता. पायरी धुवायचे, पुसायला मला सांगायचे आणि आत जाऊन बसायचे. विम्याचा हप्ता मात्र वेळेवर भरला आणि नव्या कागदाला कुंकूही लावलं. पण गिऱ्हाइकांना कंपनीचं सांगणं बंद झालं.

मग एका अमावास्येला सकाळी रिक्षा थांबली आणि काठी टेकत अक्का उतरली. पायरीखाली उभी राहिली. कोरड्या दगडाकडे बघितलं, शटरकडे बघितलं.

"नारळ कुठे आहे, अण्णा?"

अण्णा गादीवरून उठले. "सोडून दिलं ते."

"माझ्यापायी दुकानाची दृष्ट काढायची सोडलीत? हे काय बरं आहे?" तिने पिशवीतून नारळ काढून माझ्या हातात दिला. "माझ्या परसातला आहे. फोडा."

अण्णांनी तो शटरवरून ओवाळला आणि फोडला. जुनाच आवाज झाला. पाणी दगडावर पसरलं आणि हळदीत पिवळं होत कडेकडेने ओघळलं. मी सवयीने फडकं घ्यायला वळले. पण अण्णा आधीच पायरीवर उकिडवे बसले होते. खांद्यावरचा पंचा काढून ते दगड पुसत होते.

"वाळू द्या की," अक्का खालून म्हणाली. "मी थांबते."

अण्णा पुसतच राहिले. कोपरे पुसले, कडा पुसली, तळहात फिरवून बघितला, पुन्हा पुसलं. तिथे तसे उकिडवे बसलेले ते इतके म्हातारे दिसले की मी दुसरीकडे बघितलं. मग ते उठले. मी गज उचलून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो माझ्याकडून घेतला आणि मागे गादीवर ठेवून दिला. मग वाकून अक्कापुढे हात केला.

अक्काने काठी डाव्या हातात घेतली. इकडे तिकडे बघितलं नाही. त्यांचा हात धरला.

"ओला आहे हो हात, अण्णा."

"नारळाचं पाणी," अण्णा म्हणाले.

"त्या दिवशीही होतं," अक्का म्हणाली, आणि पायरी चढली.